हौदातल्या मुंग्या

म्हशीनं मान लांब केली, पाण्याचा वास घेतला, तोंड पाण्याला लावलं आणि एकदम मागं उडी घेतली. दावं ताणलं गेलं. शेजारच्या दोघी हौदाकडं यायला निघाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या.

"बगितलंसा?" तात्या वाघमोडे म्हणाले. "रोज सांजंला ह्योच खेळ. सकाळी बिरू सोडतो तवा घटाघटा पित्यात. सांजंला ह्या पोरीनं सोडल्या की अशा. सात म्हशी हायत वायरमन, आन सातीच्या साती अशा कराय लागल्यात. दूध निम्म्यावर आलं."

ही पोरगी म्हणजे त्यांची सून शालन. लग्न होऊन चोवीस दिवस झाले होते. ती हौदाच्या कडेला, ओल्या कोब्यावर उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात रिकामी बादली. पायांवरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, जत तालुक्यातल्या वाघमोड्यांच्या वस्तीवरची. मी तेव्हा तालुक्याच्या गावी वायरिंगची कामं घ्यायचो. आयटीआयची नोकरी नंतरची. भालचंद्र पोतदार असं आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव असूनही सगळा तालुका मला वायरमन म्हणायचा, आणि बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. त्या दिवशी मी फार दमलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. एका शाळेच्या नव्या इमारतीचं काम होतं. उद्घाटनाची तारीख पुढाऱ्यानं देऊन टाकलेली आणि भिंतींना अजून प्लॅस्टरही नव्हतं. तीन दिवस मी शिडीवर होतो. खांद्यात गोळे आले होते. घरी जाऊन गरम पाणी अंगावर घ्यायचं एवढं एकच डोक्यात होतं, तेवढ्यात तात्यांचा मुलगा बिरू दूध घालून परत जाताना दुकानासमोर थांबला आणि म्हणाला, "आबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

तात्यांना घरात आबा म्हणत. बिरूनं वाटेत काही सांगितलं नाही. तो त्याच्या गाडीवर पुढं, मी माझ्या राजदूतवर मागं. पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि गोठ्यातला बल्ब लागला होता.

"म्हशी पाणी पीत नाहीत तर डॉक्टर बोलवायचा तात्या," मी म्हणालो. "मी वायरमन माणूस."

"डॉक्टर दोनदा येऊन ग्येला. म्हशींना काय झालं न्हाई म्हणतोय." तात्यांनी सुनेकडं न बघता हात केला. "ही म्हणती, पाण्याला हात लावला की हाताला मुंग्या येत्यात. करंट येतोय म्हणती. मी लावला हात. काय न्हाई. हिची सासू रोज भांडी बुडवती हौदात. तिला काय न्हाई. बिरूला न्हाई. हिला येवडीलाच."

"आणि म्हशींना," शालन हळूच म्हणाली.

तात्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, गोठ्याच्या दारातून तिच्याकडं एक नजर टाकली. शालननं पदर पुन्हा दातात धरला.

"बगा वायरमन, बाया काय काय बोलाय लागल्यात," तात्या म्हणाले. "हिच्या पायगुणाचं बोलत्यात. ही घरात आली त्या दिसापासनं म्हशींचं बिनसलं, हे खरं हाय, डोळ्यांदेखत हाय. पर मी अन्यायानं वागनारा मानूस न्हाई. म्हून तुमास्नी बोलावलं. तुमी मशीन लावून बगा. करंट हाय म्हणलासा, तर माझी सून हितंच ऱ्हाईल, कुणी ब्र काढायचा न्हाई. न्हाई म्हणलासा, तर उद्या सकाळच्या साडेसातच्या यष्टीनं तिला म्हायेरी पोचवतो. मग बगू पुढचं पुढं."

माणूस न्यायनिवाडा करतोय अशा थाटात बोलत होता. बिरू गाडीच्या सीटवरची धूळ झटकत होता. ती तीनदा झटकून झाली होती.

मी टेस्टर काढला. हौदाला पाणी यायचं ते लोखंडी पाइपातून, बोअरवरून थेट. पाइपाला टेस्टर लावला, मागं अंगठा टेकवला. दिवा लागला नाही. पाण्यात बुडवून बघितला. नाही लागला.

"न्हाई ना?" हौसाबाई म्हणाल्या.

"थांबा, मीटर लावतो."

गोठ्याच्या भिंतीवर, हौदापासून दोन हातांवर, लाकडी बोर्ड होता. तो मीच बसवला होता, याच लग्नासाठी. मीटरची एक पिन मी बोर्डावरच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावली आणि दुसरी पाइपाला. माझ्या मीटरच्या वायरी जेमतेम तीन फुटांच्या, पण बोर्ड आणि पाइप जवळ असल्यानं पुरल्या. सगळे वाकून बघायला लागले. काटा हलला नाही. मी पट्टी बदलली, खालच्या व्होल्टवर आणली. काटा जागचा हलला नाही.

"दादा," शालन म्हणाली, "मी उभी हाय तितं बगा की. माझ्या पायापाशी."

"मुंग्या हाताला येतात ना, ताई? मग पायापाशी काय बघायचं?"

"पर तसं..."

"पाइपाचं अर्थिंगशी बघतात. अर्थिंग म्हणजे शून्य. तिथून पाइपापर्यंत शून्य आलं म्हणजे पाइप शून्य. पाणी शून्य."

हे मी असं ठणकावून म्हणालो की तात्यांनी मान डोलावली. त्यांना शून्य एवढंच कळलं. शालन मीटरच्या काट्याकडं बघत राहिली.

"पुन्यांदा लावा," तात्या म्हणाले. "मला वंगाळपना नको."

मी पुन्हा लावलं. पुन्हा शून्य.

"काही नाही तात्या," मी म्हणालो आणि वायरी गुंडाळल्या.

हौसाबाईंनी चहा विचारला. मी नको म्हणालो. बिरूनं गाडीवरचा हात काढला आणि तो घरात गेला. शालननं बादली हौदाच्या काठावर पालथी घातली. मी राजदूतला किक मारली तेव्हा ती तिथंच उभी होती. पुढं काय होणार ते मला माहीत होतं. तात्यांनी सगळं माझ्यासमोरच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी परत वस्तीवर गेलो. शाळेच्या कामावर पोरांना लावून, खोटं सांगून गेलो. गाडीला मागं आठ फुटी लोखंडी सळई आडवी बांधली होती आणि हँडलला शंभर फूट वायरचं भेंडोळं. रस्त्यानं माणसं हसत होती, कारण वळणावर सळई झाडांना लागत होती.

वस्तीवर हौसाबाई एकट्याच होत्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तात्या कुठायत?"

"गेली की तिघंबी सकाळच्या गाडीनं. पोरीला पोचवाय." त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "रडली न्हाई वो. गप उठली, गप बसली यष्टीत. येवडंच म्हणाली, आत्या, म्हशींना सांजंचं वड्यावर न्या पाण्याला. जाताना म्हशींचं सांगून ग्येली बगा."

मला वाटलं होतं, तात्या रागाच्या भरात बोलले असतील. एक दिवस तरी थांबतील. म्हणजे असं मी येताना स्वतःला सांगत होतो. साडेसातची एसटी सुटून साडेसात तास झाले होते.

"जरा बोर्ड बघतो," मी म्हणालो.

त्या महिन्यात शेतीची लाइन दुपारी दोनला यायची आणि रात्री दहाला जायची. म्हणजे वीज होती. मी घरातले, गोठ्यातले सगळे बल्ब लावले, पंखा लावला, लग्नात आलेला टीव्ही लावला. शंभर फुटी वायरीचं एक टोक मीटरला जोडलं, आणि दुसऱ्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून ते कोब्यावर ठेवलं, काल शालन उभी होती तिथं. मीटरची दुसरी पिन पाइपाला टेकवली.

काटा तेरावर जाऊन थांबला.

तेरा व्होल्ट. पायात बूट असलेल्या माणसाला तेरा व्होल्ट कळतसुद्धा नाहीत. टेस्टरचा दिवा लागायलाच साठ-सत्तर लागतात, तो तेराला कशाला लागेल? मी बूट काढले, मोजे काढले, ओल्या कोब्यावर उभा राहिलो आणि हौदात हात घातला. मनगटापर्यंत मुंग्या आल्या. शालननं सांगितलं होतं, अगदी तशाच. दुखत नव्हतं. पण मी जनावर असतो आणि ओलं नाक त्या पाण्याला लावलं असतं, तर मीही मागं उडी मारली असती.

आता हे कुठून आलं तेही सांगतो, कारण ते मीच आणलं होतं.

शेतातल्या मोटारीला तीन तारा येतात आणि तिन्ही फेज असतात. मोटारीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून वस्त्यांवर तो ओढलेलाच नसायचा. पण घरातल्या बल्बला एक फेज आणि एक न्यूट्रल लागतो, विजेला जायला आणि परत यायला. मग आमच्याकडं सर्रास एक युक्ती चालायची: एक फेज घ्यायचा आणि परतीची तार जमिनीत सोडायची. सळई ठोकायची किंवा बोअरच्या लोखंडी पाइपाला तार बांधायची. बल्ब लख्ख लागतो. कायद्यात बसत नाही, पण वस्तीवर अंधारात लग्न लावणं तरी कुठं बसतं? शालनच्या लग्नाच्या मांडवासाठी मी तेच केलं होतं. घाई होती म्हणून सळई न ठोकता तार थेट बोअरच्या पाइपाला बांधली. म्हणालो, दोन दिवसांचं काम आहे, नंतर काढतो. नंतर लग्नात टीव्ही आला, पंखा आला, हौसाबाईंना गोठ्यात दिवा बरा वाटला, आणि ती तार तिथंच राहिली.

घरातली सगळी वीज त्या बोअरच्या पाइपातून जमिनीत उतरत होती. सगळं लावलं की जवळजवळ तीन अँपियर. पाइपाभोवतीची जमीन ती वीज सहज घेत नाही, तिथं पाचेक ओहमचा अडथळा धरा. तीन पाचे पंधरा. बोअरचा पाइप, त्याला जोडलेला हौदाचा पाइप, हौदातलं पाणी, आणि त्याच पाइपाला बांधलेली माझ्या बोर्डाची अर्थिंग, हे सगळं पंधरा व्होल्टवर बसलं होतं; कोब्याखालची जमीनही दोनेक व्होल्टवर होती, म्हणून तिथं तेरा दिसले. मी काल मोजलं ते पंधरापासून पंधरापर्यंत. ते शून्यच येणार. व्होल्ट एका जागेला नसतात, दोन जागांच्या मध्ये असतात, आणि दुसरी जागा कुठली घ्यायची ते मोजणारा ठरवतो.

इथली दुसरी जागा पायाखाली होती. तात्यांच्या पायात टायरच्या वहाणा. हौसाबाईंच्या टाचा फुटलेल्या, त्या रबरी स्लिपर घातल्याशिवाय ओसरीवरून खाली उतरत नसत. बिरू म्हशी सोडायचा सकाळी, तेव्हा लाइनच नसायची. नवी सून मात्र सासऱ्यासमोर पायात काही घालून वावरत नाही. त्या अंगणात सांजेला अनवाणी असायच्या त्या एकूण आठ जणी, सात म्हशी आणि शालन.

मी अर्ध्या तासात काम उरकलं. बोअरची तार सोडली. दोनशे फुटांवर उसाच्या पाटात, ओल्या मातीत, सळई ठोकली आणि परतीची तार वस्तीवरची जुनी वायर जोडून तिकडं नेली. पुन्हा मोजलं. पाइप आणि कोबा यांच्यामध्ये काटा हलला नाही. बल्ब लागत होते, पंखा फिरत होता. काही बदललंय हे कुणालाही कळलं नसतं.

"काय केलंसा?" हौसाबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"वायर जरा ढिली होती."

खरं सांगायला हाच क्षण होता. मी बोललो नाही. म्हटलं, तात्या येऊ देत, त्यांनाच सांगावं, बाईमाणसाला काय सांगायचं? असं काहीतरी कारण माणसाला मिळतंच.

तात्या आणि बिरू पाचच्या गाडीनं आले. दोघं दमलेले होते. बिरू सरळ गोठ्यात गेला आणि त्यानं म्हशी सोडल्या. पहिली म्हैस हौदाशी आली, थबकली, नाक पाण्याजवळ नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. मग प्यायला लागली. दुसरी आली. तिसरी आली. सातीच्या साती हौदाला लागल्या आणि पाण्याचा आवाज ओसरीपर्यंत यायला लागला.

हौसाबाईंनी हात जोडले. "ग्येली आन प्याल्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

बिरू म्हशींकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणापर्यंत थोडी शंका होती, थोडी आशाही असेल. ती गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"बगा वायरमन," तात्या म्हणाले. "माझ्या मनाला लागत हुतं, लेकराला उगाच पोचवलं का काय म्हून. तुमी काल दोन दोन येळा बगून सांगितलंसा, म्हून धीर झाला. तुमचे उपकार हायत."

मी तोंड उघडलं. तात्या माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघत होते की मी म्हणालो, "येतो तात्या." आणि निघालो. वाटेत एका पुलावर गाडी थांबवून मी बराच वेळ बसलो. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि तरी मी गाडी परत वळवली नाही.

नऊ दिवस गेले. दुकानात माणसं बोलायची. वाघमोड्यांची सून गेली आणि सांजेला म्हशी पाण्याला लागल्या, ही बातमी दुधाच्या कॅनबरोबर तालुक्यात पोचली होती. दहाव्या दिवशी मी शालनच्या माहेरी गेलो. तिचे वडील गावात पिठाची गिरणी चालवायचे. ते घरी नव्हते. शालन दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. धाकटी बहीण आतून डोकावली आणि तिच्या सांगण्यावरून पाणी घेऊन आली.

"बसा दादा," शालन म्हणाली. कुठं बसायचं ते कळेना, म्हणून मी पायरीवर बसलो.

मी सांगून टाकलं. सगळं. लग्नाची तार, बोअरचा पाइप, तेरा व्होल्ट, पाटातली सळई. ती ज्वारी निवडता निवडता ऐकत होती. मध्ये एकदाच तिचा हात थांबला, म्हशी प्याल्या हे सांगितलं तेव्हा.

"समद्या प्याल्या?"

"सगळ्या."

"खंडीबी? ती लई भेदरली हुती." मी हो म्हणालो. तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. मग म्हणाली, "धाकटीला बगाय येनार हुती मानसं. आली न्हाईत. मोठीच्या पायगुणानं म्हशी आटल्या म्हणल्यावर कोन येतंय?"

"मी तात्यांना जाऊन सांगतो. तुमच्या वडिलांना सांगतो. जिथं म्हणाल तिथं सांगतो."

"सांगा." मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "आमचे ह्ये येऊन ग्येले परवा. म्हणले, वायरमन दुसऱ्या दिशी लांब सळई बांधून आलतं गाडीला. आत्याबाईंनी सांगितलं त्यास्नी."

"हो."

"म्हंजी घरातनं निगतानाच ठावं हुतं तुमास्नी."

मी पाण्याचा पेला पायरीवर टेकवला.

"कवा कळलं दादा?"

"रात्री," मी म्हणालो. "रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला माझा राग आला असता तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली आणि सूप उचललं.

त्याच दुपारी मी तात्यांकडं गेलो. सळईची तार सोडून बोअरच्या पाइपाला पुन्हा जोडली, सगळे बल्ब लावले आणि म्हणालो, "वहाणा काढा तात्या." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी काढल्या. कोब्यावर मी बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणालो, "आता हात घाला."

त्यांनी हात घातला आणि काढून घेतला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घालून तसाच ठेवला, दात आवळून, कितीतरी वेळ. मग ते हौदाच्या काठावर बसले. ओला हात मांडीवर तसाच होता.

"तुमी न्हाई म्हणला हुता," ते म्हणाले.

"हो."

"दोन येळा बगून."

"हो."

"आन मी तुमचे उपकार मानले." ते उठले, वहाणा हातात घेऊन अनवाणीच घरात गेले. त्यांनी मला शिवी दिली नाही. मी तार पुन्हा पाटातल्या सळईला जोडली आणि निघालो. त्यानंतर त्या घरानं मला कधी कामालाही बोलावलं नाही.

बिरू तिला आणायला तीनदा गेला. अडीच महिन्यांनी ती आली. आली ती पायात स्लिपर घालून, आणि तशीच तात्यांसमोरून अंगण ओलांडून गोठ्यात गेली. तिला कुणी अडवलं नाही. पुढं त्या वस्तीवर दोन सुना आल्या, त्याही अंगणात पायात घालूनच वावरल्या, असं मला बिरूच्या तोंडून कळलं. धाकटीचं लग्न व्हायला मात्र आणखी चार वर्षं लागली.

नंतर आयटीआयमध्ये मी एकवीस वर्षं पोरांना वायरिंग शिकवलं. दर वर्षी फळ्यावर एक हौद काढायचो, एक पाइप आणि दोन पाय. पोरांनो, नुसतं इथं किती व्होल्ट आहेत असं विचारू नका, कुठून कुठपर्यंत ते विचारा. मग ही गोष्ट सांगायचो. शेवटी म्हणायचो, मी चुकलो, कारण माझ्या ते लक्षात आलं नाही. पोरं हसायची. सरसुद्धा चुकतात म्हटल्यावर पोरांना बरं वाटतं.

आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. फळा नाही, पोरं नाहीत. दमायला काही काम नाही, तरी दमायला होतं. म्हणून एक गोष्ट वर सांगायची टाळली, ती सांगून टाकतो.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, माझ्या पायापाशी बघा, तेव्हाच मला कळलं होतं. बोअरला बांधलेली तार माझ्या हातची होती, अर्थिंग तिलाच जोडलेली होती, आणि शून्य का येतंय हे मला दुसऱ्यांदा काटा बघण्याआधीच माहीत होतं. पण पायापाशी मोजायला माझ्या वायरी पुरत नव्हत्या. लांब वायर गाडीच्या पिशवीत होती, वीस पावलांवर. ती आणायची, सोलायची, वाकायचं, मग काटा हलणार, मग तार कुणी बांधली ते निघणार, मग सगळ्यांसमोर बोअरवर जाऊन ती सोडायची, नवी सळई शोधायची. तीन दिवस शिडीवर काढले होते. खांदे भरून आले होते. मनात म्हटलं, उद्या येऊन गुपचूप करून टाकू, एका दिवसानं काय होतंय?

माझी नजर गाडीकडं गेली होती. ती एकट्या शालनला दिसली. तात्यांनी दुसऱ्यांदा लावा म्हटलं, मी वाकलो, तेव्हा ती माझ्या कानाशी, कुणाला ऐकू जाणार नाही अशी बोलली.

"तार कमी पडतीया का दादा? पिशवी आणू?"

"राहू द्या ताई," मी म्हणालो. "उशीर झालाय."